मनुष्यवध : ओळखीच्या माणसांतील हिंसा आणि तिसऱ्या माणसाची जबाबदारी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२३ या वर्षाचा अहवाल सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्या एका वर्षात आपल्या देशात खुनाचे २७,७२१ गुन्हे नोंदवले गेले. वर्तमानपत्रांनी हा आकडा छापला, दूरचित्रवाणीवर दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. परंतु त्याच अहवालात खुनांच्या हेतूंविषयी जी माहिती दिली आहे, ती ख्रिस्ती माणसाने थांबून वाचावी अशी आहे. त्या वर्षी चोरी वा अन्य लाभासाठी झालेले खून १,८९० होते, म्हणजे पंधरा खुनांमागे सुमारे एक. वैयक्तिक वैरातून ३,४५८ खून झाले. सर्वांत मोठा आकडा मात्र ‘वाद’ या साध्या शब्दापुढे आहे : ९,२०९. देशातील दर तीन खुनांपैकी जवळजवळ एक खून कोणत्या तरी भांडणाचा शेवट म्हणून घडलेला आहे.

खुनी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अंधारात दबा धरून बसलेला अनोळखी दरोडेखोर येतो. आपण दाराला कुलुपे लावतो, सोसायटीच्या फाटकावर पहारेकरी नेमतो. ही खबरदारी योग्यच आहे. तथापि जगभरच्या समाजशास्त्रज्ञांचा अभ्यास आणि आपल्याच देशाची नोंद असे सांगते की, मारणारा आणि मरणारा हे बहुधा एकमेकांना ओळखत असतात. ते भाऊ असतात, शेजारी असतात, एकत्र दारू पिणारे मित्र असतात, पती-पत्नी असतात. पवित्र शास्त्रातील पहिला खून शेतात झाला आणि तो सख्ख्या भावाने केला, ही गोष्ट या दृष्टीने मोठी अर्थपूर्ण आहे.

आकडे काय सांगतात?

आरंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘काळ वाईट आला आहे, पूर्वी असे नव्हते’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९९२ साली भारतात सुमारे ४०,००० खुनांची नोंद झाली होती आणि तेव्हा देशाची लोकसंख्या आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती. दर एक लाख लोकसंख्येमागे त्या वेळी साडेचारच्या आसपास असलेले खुनांचे प्रमाण आता दोनच्या जवळ आले आहे. मोबाइलवर क्षणात पोहोचणाऱ्या चित्रफितींमुळे हिंसा वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षात खुनांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले आहे. याचा अर्थ असा की हिंसा ही अटळ नियती नाही. ती घटू शकते. म्हणून तिच्याविषयी हळहळ व्यक्त करून थांबणे आपल्याला परवडणारे नाही.

दुसरी गोष्ट स्त्रियांविषयीची आहे. हुंडाबळींची नोंद आपल्याकडे खुनापासून वेगळी ठेवली जाते आणि ती संख्या २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी सहा हजारांहून अधिक होती. त्यामुळे केवळ खुनांचा आकडा पाहणाऱ्याला घरात मेलेल्या कित्येक स्त्रिया दिसतच नाहीत.

जागतिक चित्रही हेच सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासानुसार २०२१ साली जगात सुमारे ४,५८,००० माणसे मारली गेली. त्यांतील ८१ टक्के पुरुष होते. रस्त्यावर, टोळीयुद्धात, दारूच्या गुत्त्यात मरतो तो प्रामुख्याने पुरुष. परंतु मारल्या गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांचा जीव पतीने, जोडीदाराने वा कुटुंबातील व्यक्तीने घेतला होता, तर पुरुषांच्या बाबतीत हे प्रमाण दहातील एकाच्या आसपास होते. २०२३ साली अशा रीतीने घरच्याच माणसांकडून मारल्या गेलेल्या स्त्रिया व मुली सुमारे ५१,१०० होत्या, म्हणजे दररोज १४०.

येथे दोन निरनिराळ्या हिंसा आपल्यापुढे उभ्या राहतात. एक, बरोबरीच्या माणसांमधील भांडण. दुसरी, घरातील बलवानाने दुर्बलावर चालवलेला अत्याचार. दोन्ही ओळखीच्या माणसांत घडतात, म्हणून आपण त्यांना एकाच मापाने मोजतो आणि दोघांवर एकच औषध देतो. ही गफलत जिवावर बेतू शकते. म्हणून दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

क्षुल्लक कारण क्षुल्लक नसते

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्विन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फिया शहरात १९४८ ते १९५२ या काळात झालेल्या ५८८ मनुष्यवधांचा अभ्यास केला आणि १९५८ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एक तृतीयांशाहून अधिक प्रकरणांचा उगम पोलिसांच्या दृष्टीने ‘किरकोळ’ अशा वादात होता : एखादी शिवी, एखादा धक्का, थोडीशी उधारी. सुमारे ६४ टक्के प्रकरणांत मारणारा, मरणारा किंवा दोघेही दारू प्यायलेले होते. आणि दर चार प्रकरणांपैकी एका प्रकरणात पहिला हात उचलणारा माणूसच अखेर मेला होता. कोण बळी ठरणार आणि कोण आरोपी, हे जणू शेवटच्या क्षणी ठरले.

एवढ्याशा कारणासाठी माणूस माणसाचा जीव का घेतो? शिकागोचे समाजशास्त्रज्ञ रॉजर गुल्ड यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या प्रश्नाचे मर्मग्राही उत्तर देतो. त्यांच्या मते, जेथे मोठा कोण आणि लहान कोण हे स्पष्ट असते तेथे भांडण सहसा विकोपाला जात नाही. जेथे दोघे बरोबरीचे असतात आणि आधी कोणी नमावे हे ठरलेले नसते, तेथे ते पेटते. मालमत्ता ही वरवरची बाब असते, खरा प्रश्न ‘मी का माघार घ्यावी?’ हा असतो. भाऊ-भाऊ, चुलते-पुतणे, शेजारी आणि समवयस्क मित्र यांच्यात रक्त सांडते ते यामुळे.

आपल्या गावांत याचा अनुभव कोणाला नाही? बांध हातभर सरकला, बावखलाच्या पाण्याचा वाटा कोणी अधिक घेतला, वारसनोंदीत बहिणीचे नाव घातले वा वगळले, सामाईक वाटेवर एकाने मोटार उभी केली. एकेकाळी भाजीपाल्याची वाडी असलेल्या जमिनीचे मोल शहर जवळ येताच अनेक पटींनी वाढले आणि जुन्या रुसव्याला नवी धार आली. तथापि अशा भांडणात सापडलेल्या माणसाला विचारून पाहावे. तो जमिनीच्या किमतीविषयी थोडे बोलेल आणि ‘त्याने चारचौघांत मला असे म्हटले’ याविषयी पुष्कळ बोलेल.

जॅक कॅट्झ या दुसऱ्या अभ्यासकाने १९८८ साली आणखी एक अस्वस्थ करणारे निरीक्षण मांडले. रागाच्या भरात खून करणाऱ्याला त्या क्षणी आपण पाप करीत आहोत असे वाटत नाही, आपण न्याय करीत आहोत असे वाटते. आपला अपमान झाला, आपले घर, आपला मान यांचे रक्षण करणे हे आपले कर्तव्यच आहे, अशी त्याची खात्री असते. काइनाची कथा या प्रकाशात पुन्हा वाचावी. भावाचे अर्पण स्वीकारले गेले, आपले नाही, या जाणिवेने तो जळत होता. त्याचा चेहरा उतरला होता आणि परमेश्वराने त्याला तेव्हाच सावध केले होते. खुनापूर्वी एक वेळ अशी होती की जेव्हा मागे फिरणे शक्य होते.

प्रभू येशूने पर्वतावरील प्रवचनात मनुष्यवधाच्या आज्ञेचा अर्थ उलगडताना राग आणि अपशब्द यांच्यापासून आरंभ केला, याचे आपल्याला कधी कधी नवल वाटते. शिवी आणि खून यांना एका ओळीत बसवणे अतिशयोक्तीचे वाटते. समाजशास्त्राने गोळा केलेला पुरावा मात्र प्रभूच्या शिकवणीतील वास्तवाची साक्ष देतो : शिवी ही पुष्कळदा खुनाची पहिली पायरी असते. आणि मार्काच्या शुभवर्तमानात, आपणांत मोठा कोण, यावर वाटेत वाद घालणाऱ्या शिष्यांपुढे येशूने एक बालक उभे केले. ‘मोठा कोण’ या प्रश्नातच किती विष आहे हे त्याला ठाऊक होते.

न्याय दूर असतो तेव्हा

काही समाजांत अशी भांडणे रक्तपातापर्यंत जातात आणि काहींत जात नाहीत. इतिहास याचे एक कारण सांगतो. मध्ययुगीन युरोपातील अनेक नगरांत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला वीस किंवा त्याहून अधिक माणसे मारली जात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पश्चिम युरोपात हे प्रमाण एकाच्या आसपास आले. अभ्यासकांनी याची अनेक कारणे दिली आहेत. त्यांपैकी दोन महत्त्वाची अशी : लोक आपले तंटे न्यायालयाकडे नेऊ लागले आणि तलवार उपसल्यावाचून पुरुषाची प्रतिष्ठा राहत नाही ही समजूत ओसरली.

डोनाल्ड ब्लॅक यांनी १९८३ सालच्या एका गाजलेल्या निबंधात याचीच दुसरी बाजू दाखवली. जेथे कायदा पोहोचत नाही किंवा त्यावर विश्वास उरत नाही, तेथे माणसे स्वतःच न्यायाधीश होतात आणि स्वतःच शिक्षा देतात. आपल्या देशातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले प्रलंबित आहेत. आजोबांनी लावलेल्या दाव्याची तारीख नातू सांभाळतो. अशा वेळी ‘कोर्टात जा’ एवढाच सल्ला देणे पुरेसे होत नाही.

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली ती हे ओळखूनच. गावाने समिती नेमावी, जुने-नवे तंटे सामोपचाराने मिटवावेत, अशी ती कल्पना होती. कोठे ती मनापासून राबली, कोठे केवळ पारितोषिकापुरती उरली. परंतु तिच्यामागील विचार खरा होता : भांडणाऱ्या दोघांमध्ये दोघांनाही मान्य असणारा तिसरा माणूस हवा. माणूस शत्रूपुढे नमत नाही, पण दोघांनीही मानलेल्या वडीलधाऱ्याच्या शब्दाखातर एक पाऊल मागे घेतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. माघार घेण्याची अब्रू जपणारा हा तिसरा माणूस जेथे नाहीसा होतो, तेथे रक्त सांडण्याचा धोका वाढतो.

बघ्यांची गर्दी

रँडल कॉलिन्स यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या हिंसेवरील ग्रंथात अनेक प्रत्यक्ष मारामाऱ्यांची छायाचित्रे व चित्रफिती अभ्यासल्या. त्यांचा निष्कर्ष आशा देणारा आहे : हिंसा करणे माणसाला सोपे जात नाही. समोरासमोर आल्यावर बहुतेक जण आरडाओरड करून, शिव्या देऊन मागे हटतात. मारामारी पुढे जाईल की विझेल हे बऱ्याच अंशी भोवती जमलेल्यांवर अवलंबून असते. त्यांनी चेतवले तर ती वाढते, त्यांनी नापसंती दाखवली तर ती ओसरते.

ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका येथील शहरांत रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दर दहा भांडणांपैकी नऊ भांडणांत जमलेल्यांपैकी निदान एका व्यक्तीने मध्ये पडून शांतता राखण्याचा प्रयत्न केला होता. ‘आजकाल कोणी कोणाच्या मदतीला येत नाही’ हे आपले वाक्य सर्वत्र खरे नाही.

तरीही जून २०२४ मध्ये वसई पूर्वेत भर रस्त्यावर एका तरुणीवर तिच्या पूर्वीच्या प्रियकराने लोखंडी पान्याने घाव घातले, तेव्हा तेथे माणसे होती आणि ती वाचू शकली नाही. त्या घटनेच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. शस्त्र हाती असलेल्या माणसाला अडवणे सोपे नसते, म्हणून तेथे उभ्या असलेल्यांना घरी बसून दोष देण्यात अर्थ नाही. विचारण्याजोगा प्रश्न त्याआधीचा आहे. नाते तुटल्यानंतरचा पाठलाग, धमकी, संशय, ‘ती माझी झाली नाही तर कोणाचीच नाही’ अशी भाषा हे सारे अशा प्रकरणांत बहुधा आधी कोणाच्या तरी कानी आलेले असते. मित्र ते हसण्यावारी नेतात, घरचे अब्रूच्या भीतीने गप्प बसतात. खरे बघे तेव्हाचे असतात.

घरातील हिंसा : येथे घाईचा समेट नको

येथून आपण दुसऱ्या प्रकारच्या हिंसेकडे येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. पती वारंवार दारूच्या नशेत असतो अशा घरांत ७० टक्के स्त्रियांना मारहाण वा लैंगिक हिंसा सोसावी लागली होती, दारू न पिणाऱ्या पतींच्या बाबतीत हे प्रमाण २३ टक्के होते. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. तीन चतुर्थांशाहून अधिक स्त्रियांनी कोणाकडे ब्रसुद्धा काढला नव्हता.

याच सर्वेक्षणात ठरावीक कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे असे ४५ टक्के स्त्रियांना आणि ४४ टक्के पुरुषांना वाटत होते. रोगापेक्षा ही मान्यता अधिक भयंकर आहे.

बांधाच्या भांडणात दोघे बरोबरीचे असतात, तेथे समेट हे औषध आहे. मार खाणारी पत्नी आणि मारणारा पती बरोबरीचे नसतात. तिला ‘थोडे सोस, संसार आहे, मुलांकडे पाहा’ असे सांगून परत पाठवणे म्हणजे समेट नव्हे. त्यात आपण केवळ बलवानाची बाजू घेतो. अभ्यासकांनी हेही दाखवून दिले आहे की, अत्याचार सहन करणारी स्त्री घर सोडू पाहते तो काळ तिच्या जिवाला सर्वांत अधिक धोक्याचा असतो. तिला त्या वेळी उपदेश नको, आसरा हवा.

विवाह हा संस्कार आहे आणि तो अतूट आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण. मात्र त्याच ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेतील ११५३ वे कलम सांगते की, जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका निर्माण झाला असेल तर वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात याहून पुढे जाऊन म्हटले की, दुर्बल जोडीदाराला वा लहान मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. हे आपल्या किती बहिणींना ठाऊक आहे? विवाहपूर्व शिबिरात ते किती स्पष्टपणे सांगितले जाते? कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यानुसार स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळू शकतो.

क्षमा आणि सूड

उत्पत्तीच्या पुस्तकात काइनाचा वंशज लामेख आपण सत्त्याहत्तर पटींनी सूड घेऊ अशी बढाई मारतो. क्षमा किती वेळा करावी असे पेत्राने विचारले, तेव्हा येशूने दिलेल्या उत्तरात हीच संख्या उलटी होऊन येते. सुडाच्या गणिताला प्रभूने क्षमेचे गणित उत्तर म्हणून दिले. काइनालाही परमेश्वराने जाब विचारला, शिक्षा दिली आणि कोणी त्याला मारू नये म्हणून खूणही केली. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ सालच्या ‘एव्हांजेलियुम विते’ या विश्वपत्राच्या पहिल्याच प्रकरणात या कथेवर चिंतन केले आहे, आणि २०१८ साली कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मृत्युदंड अस्वीकारार्ह ठरवणारी सुधारणा झाली तीही याच वाटेवरची.

आपल्या देशात या शिकवणीचे एक जिवंत उदाहरण आहे. केरळमध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी राणी मारिया मध्य प्रदेशातील उदयनगर परिसरात गरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून प्रवास करताना समुंदर सिंह याने त्यांना भोसकून ठार केले. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी, धर्मभगिनी सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ साली तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले.

या घटनेतील क्रम ध्यानात घ्यावा. आधी गुन्ह्याला गुन्हा म्हटले गेले, कायद्याने आपले काम केले, अपराध्याला पश्चात्ताप झाला. आणि क्षमा केली ती ज्यांचे माणूस गेले त्यांनी, स्वेच्छेने. बाहेरच्या कोणी ती त्यांच्यावर लादली नव्हती. ख्रिस्ती क्षमा सत्य झाकत नाही, ती सुडाची साखळी तोडते.

धर्मग्रामात काय करता येईल?

प्रत्येक रविवारी वेदीपुढे आपण एकमेकांना शांतीचे अभिवादन करतो. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे तो बहुधा दोन बाक मागे बसलेला असतो. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूची आज्ञा आपल्याला तोंडपाठ आहे. ती अमलात यावी यासाठी काही साध्या गोष्टी सुचतात.

लहान ख्रिस्ती समूहांत, दोन्ही बाजूंचा विश्वास असलेल्या दोन-तीन जाणत्या व्यक्ती, त्यांत स्त्रियाही, तंट्यांच्या वेळी मध्यस्थी करण्यासाठी ठरवून ठेवाव्यात. भांडण पेटल्यावर मध्यस्थ शोधणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. घरगुती मारहाणीचे प्रकरण समोर आले तर मात्र मध्यस्थी न करता आधी त्या स्त्रीची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी. ११२ आणि १८१ हे मदतीचे क्रमांक चर्चच्या फलकावर मिस्सांच्या वेळापत्रकाशेजारी लावावेत. लग्नकार्यात आणि सणांत दारूवर होणारा खर्च हा केवळ उधळपट्टीचा विषय नाही, तो माणसांच्या जिवाचा विषय आहे, हे प्रवचनांतून सांगितले जावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्या मुलग्यांना नकार पचवण्यास शिकवावे. मुलीने ‘नाही’ म्हटले म्हणजे आपली अब्रू गेली असे नव्हे, एवढे जरी त्यांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ काही साधेल.

खून झाल्यावर पोलीस येतात, न्यायालय येते, शोकसभा होते. त्याआधीचे दिवस, महिने, कधी कधी वर्षे मात्र आपल्याच हाती असतात. शेजारच्या घरातून रात्री येणारा आवाज आपण ऐकलेला असतो, बांधावरची शिवीगाळ आपल्या कानी आलेली असते. मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय, असे काइनाने विचारले होते. ख्रिस्ती माणसाने त्या प्रश्नाचे उत्तर भांडण वाटेत असतानाच द्यावयाचे आहे.